विचारणाऱ्याची लाज, सांगणाऱ्याचे नाव

१९८९ च्या मार्चमध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेतील टिम बर्नर्स-ली यांनी आपल्या वरिष्ठांपुढे एक टिपण ठेवले. टिपणाचे मूळ एका रोजच्या कटकटीत होते. संस्थेत हजारो माणसे राबत. ती देशोदेशींच्या विद्यापीठांतून आलेली, आणि अनेकांचा मुक्काम जेमतेम दोनेक वर्षांचा. माणूस कामात मुरतो न मुरतो तोच त्याची परत जायची वेळ होई आणि त्याने खपून मिळवलेली माहिती त्याच्याबरोबर निघून जाई. कुठला प्रोग्रॅम कुणी लिहिला, तो कशाकशाशी जोडलेला आहे, त्यात बदल करायचा तर कुणाला विचारायचे, हे शोधण्यात नव्या माणसाचे दिवस जात. यावर बर्नर्स-ली यांनी सुचवले ते वेगवेगळ्या संगणकांवरील टिपणे एकमेकांना जोडणारे जाळे. वरिष्ठ माइक सेंडल यांना प्रस्ताव धूसर वाटला, तरी त्यात दम आहे हेही त्यांनी ओळखले. वर्ल्ड वाइड वेबचा जन्म असा झाला. बातम्या, खरेदी, सिनेमे हे सगळे मागाहून आले. विखुरलेल्या सहकाऱ्यांना एकमेकांचे ज्ञान कसे मिळावे, हाच मुळात वेबपुढचा पहिला प्रश्न होता.

पुढची गोष्ट त्याहून बोलकी आहे. सर्नमध्ये वेब रुळले ते भौतिकशास्त्रावरच्या लेखांमुळे नव्हे. संस्थेची टेलिफोन डिरेक्टरी वेबवर आली तेव्हा लोक ते नवे साधन रोज उघडू लागले. म्हणजे ज्ञानाच्या जाळ्यात माणसांनी आधी शोधले ते माहितीचे पान नव्हे, कुणाला फोन करायचा ते नाव.

या पुस्तकाचा विषय हाच आहे: एकाच संस्थेत काम करणारी, पण एका छताखाली न बसणारी माणसे आपापल्याजवळचे शहाणपण एकमेकांपर्यंत ऑनलाइन कसे पोहोचवतात, आणि बहुतेक वेळा का पोहोचवत नाहीत. साधनांचा तुटवडा आज कुणालाच नाही. मोठ्या कंपन्यांकडे पोर्टल आहेत, विकी आहेत, रेकॉर्ड करून ठेवलेल्या बैठका आहेत. लहान संस्थांकडे व्हॉट्सअॅपचे ग्रुप आणि गुगल ड्राइव्हची फोल्डरे आहेत. तरीही कोल्हापूरच्या शाखेने गेल्या वर्षी सोडवलेली अडचण यंदा नांदेडची शाखा नव्याने सोडवत बसते. माझ्या मते याचे कारण साधनांत नाही. ज्ञान वाटले जाते तेव्हा दोन माणसे काहीतरी पणाला लावत असतात. विचारणारा आपले अज्ञान उघडे करतो आणि सांगणारा आपल्या कमाईवरचा हक्क सोडतो. विचारणाऱ्याची लाज राखली जाते आणि सांगणाऱ्याचे नाव टिकते तिथे साधी साधनेही पुरतात. या दोहोंची कदर नसते तिथे महागडी पोर्टलेही ओस पडतात.

आधी अंतराविषयी. एमआयटीतील टॉमस अॅलन यांनी इंजिनिअर आणि संशोधक एकमेकांशी किती वेळा बोलतात याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९७७ साली त्यावर पुस्तक लिहिले. बसण्याच्या जागांमधले अंतर वाढते तसे बोलणे झपाट्याने घसरते, आणि साधारण ५० मीटरच्या पुढे ते इतके विरळ होते की माणूस त्याच इमारतीत असला काय आणि दुसऱ्या गावी असला काय, फारसा फरक पडत नाही, असे त्यांना आढळले. ५० मीटर म्हणजे आपल्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या इमारतीतील लेखा विभागापासून बांधकाम विभागापर्यंतचे अंतर. तेव्हा ‘विखुरलेले कर्मचारी’ म्हटले की न्यूजर्सी आणि हिंजवडीच डोळ्यांपुढे आणायला नको. वरचा मजला आणि खालचा मजला यांच्यातही हा प्रश्न असतोच.

ऑनलाइन साधनांनी हे अंतर मिटेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. कोविडच्या काळात तिची मोठी परीक्षा झाली. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी आपल्याच कंपनीतील ६१,१८२ अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांतील ईमेल, संदेश, कॉल आणि बैठका यांच्या नोंदी तपासल्या. सगळे घरी बसल्यावर लोकांचे आपल्या जवळच्या गटातले दळणवळण घट्ट झाले, पण एका गटातून दुसऱ्या गटाकडे जाणारे धागे विरळ झाले. समोरासमोरच्या तत्काळ बोलण्याची जागा मागाहून वाचायच्या निरोपांनी घेतली. ज्यांच्याशी रोज बोलणे होते त्यांच्याशी अधिक बोलणे झाले, आणि ज्यांच्याकडून काही नवे कळायची शक्यता होती त्यांच्याशी कमी. जोडणी मिळाली म्हणजे ओळख झाली असे होत नाही.

मग हे कुठे जमले आहे का? जमले आहे, आणि त्यातली सर्वांत शिकवणारी कहाणी झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती-तंत्रज्ञांची आहे. आपल्याकडे ‘झेरॉक्स’ म्हणजे कॉलेजसमोरचे दुकान. पण त्या यंत्रांमागे जगभर फिरणारी तंत्रज्ञांची फौज असे. सकाळी बॅग घेऊन निघायचे, गिऱ्हाइकाच्या कार्यालयात जायचे, बंद पडलेले यंत्र सुरू करून पुढच्या ठिकाणी. दिवसभर एकट्याचे काम. कंपनीने त्यांना जाडजूड दुरुस्ती-पुस्तिका दिली होती: अमुक कोड दिसला तर हे तपासा, ते ठीक असेल तर ते तपासा. पुस्तिकेच्या वाटेने गेले की बिघाड सापडणारच, असे कंपनीचे गृहीतक.

कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर या तंत्रज्ञांबरोबर हिंडले. त्यांचे निरीक्षण १९९६ साली पुस्तकरूपाने आले. त्यांनी पाहिले की खरी दुरुस्ती पुस्तिकेतून होत नाही, ती गप्पांतून होते. तंत्रज्ञ न्याहारीला, जेवणाला एकत्र जमत आणि यंत्रांच्या गोष्टी सांगत. त्यांतला एक प्रसंग जवळून पाहण्याजोगा आहे. एक यंत्र वारंवार बंद पडत होते आणि ‘ई०५३’ हा कोड दाखवत होते. पुस्तिकेप्रमाणे कोड जिथे बोट दाखवत होता तिथले सगळे तपासून झाले, भाग बदलून झाले, दुखणे कायम. तंत्रज्ञाने आपल्याहून अनुभवी तज्ज्ञाला बोलावले. तोही चक्रावला. मग दोघे यंत्रापुढे बसले आणि आठवणी काढू लागले: मागे एकदा असेच झाले होते, तेव्हा अमुक भाग शॉर्ट होता, दुसऱ्या एका यंत्राने कोड चुकीचाच दाखवला होता. एका गोष्टीतून दुसरी निघत गेली आणि शेवटी उलगडा झाला, की बिघाड एका ठिकाणी होता आणि यंत्र बोट दाखवत होते भलतीकडे. पुस्तिका लिहिणाऱ्याला ही शक्यता सुचलीच नव्हती. या दोघांनी मात्र त्या दिवशी एक नवी गोष्ट मिळवली, जी पुढच्या न्याहारीला दहा जणांना कळणार होती. प्रश्न एवढाच की त्या टेबलाशी नसलेल्या हजारोंचे काय?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच केंद्रातील संशोधकांनी यावर उपाय शोधायला घेतला. त्यांचा पहिला विचार त्या काळाला साजेसाच होता: यंत्राची सगळी रचना संगणकाला शिकवायची, म्हणजे संगणकच निदान करील. त्यांनी तसा नमुना तयार करून तंत्रज्ञांना दाखवला. तंत्रज्ञांना तो आवडला, पण उपयोगाचा वाटला नाही. नेहमीचे बिघाड दुरुस्त करणे त्यांना येतच होते. वेळ खाणारे बिघाड कुठल्याच आराखड्यात नसत. ते यंत्र जुने झाल्यावर, दमट हवेत, विशिष्ट कागदावर उपजत, आणि त्यांचे उत्तर कुणातरी सहकाऱ्याच्या खिशातल्या वहीत असे. फ्रान्समध्ये संशोधकांनी अशा वह्या प्रत्यक्ष पाहिल्या.

तिथूनच ‘युरेका’ची सुरुवात झाली. फ्रान्समध्ये तेव्हा घरोघरी मिनिटेल होते. टेलिफोनच्या तारेवर चालणारी ही छोटी टर्मिनल्स १९८२ पासून देशभर पसरली होती आणि ती सेवा २०१२ पर्यंत चालू होती. तंत्रज्ञांच्या टिपा या मिनिटेलवरून मिळू लागल्या. टीप आटोपशीर असे: लक्षण काय, कारण काय, खात्री कशी करायची, इलाज काय. टीप कुणीही पाठवावी, पण ती आधी त्या यंत्रातला जाणता तंत्रज्ञ तपासून पाही आणि मगच ती सर्वांसाठी खुली होई. आणि प्रत्येक टिपेवर लिहिणाऱ्याचे नाव असे, तपासणाऱ्याचेही असे.

टिपेमागे पैसे द्यावेत का, हा विचारही पुढे आला होता. तो सोडून दिला गेला, कारण पैसे ठेवले की लोक टिपांची संख्या मोजत बसतील आणि टीप सुधारण्याकडे कुणी पाहणार नाही. त्यांना हवे होते ते नाव. एका प्रशिक्षणवर्गात गाजलेल्या टिपा लिहिणारा एक तंत्रज्ञ आला, तेव्हा वर्गातल्या सहकाऱ्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्याची हकीकत या प्रकल्पाविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवली आहे. पुढे युरेका कॅनडा, अमेरिका आणि इतर देशांत गेली. ब्राझीलमध्ये एक महागडे रंगीत यंत्र काही केल्या चालेना, तेव्हा ते बदलून द्यायची वेळ आली होती. तेवढ्यात मॉन्ट्रिअलच्या एका तंत्रज्ञाची टीप सापडली: फ्यूज ज्यात बसतो तो काही सेंट किमतीचा भाग सदोष आहे, तो बदला. यंत्र सुरू झाले. ही दोन माणसे एकमेकांना कधी भेटली नव्हती; पण टिपेवर नाव होते आणि जाणत्याची मोहोर होती, म्हणून परक्या देशातल्या माणसाने तिच्यावर भरवसा ठेवला.

नावाऐवजी बक्षीस ठेवले तर काय होते, याचा धडा आपल्या जवळचाच आहे. १९८१ साली पुण्यात सुरू होऊन दोन वर्षांनी बंगळुरूला गेलेल्या इन्फोसिसने १९९९ नंतर ज्ञान-व्यवस्थापनाचे काम मोठ्या हिमतीने हाती घेतले. ‘के-शॉप’ नावाचे पोर्टल उभे केले. कामात गढलेले लोक लिहीत नाहीत हे दिसल्यावर ‘नॉलेज करन्सी युनिट’ आणले: लेख द्या, गुण मिळवा, गुणांच्या बदल्यात भेटवस्तू घ्या. पोर्टलवर लेखांची रीघ लागली. पण रघू गरुड आणि अरुण कुमारस्वामी या अभ्यासकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात पुढचे चित्र आहे. परीक्षकांवर तपासणीचा ढीग पडला, दर्जाविषयी शंका येऊ लागल्या, आणि कामाचे सापडण्याआधी बिनकामाचे चाळावे लागू लागले. कंपनीने ते वेळीच ओळखले आणि गुणांचे वजन संख्येवरून काढून उपयोगाकडे वळवले, हे तिच्या श्रेयाचेच. बक्षीस माणसाला लिहायला लावते, पण काय लिहायचे ते बक्षीस ठरवू लागले की गाडी रुळावरून घसरते.

हे झाले सांगणाऱ्याचे. विचारणाऱ्याची बाजू त्याहून नाजूक आहे, आणि तिच्याविषयी लिहिले जाते त्याहून कमी.

कुठल्याही सहकारी बँकेचा किंवा पतसंस्थेचा ‘ऑल ब्रँचेस’ नावाचा ग्रुप उघडून बघा. सकाळी फुलांची चित्रे, मग कुणाचा तरी वाढदिवस, मग हेड ऑफिसचे परिपत्रक आणि त्याखाली ‘नोटेड सर’, ‘नोटेड सर’ची रांग. संध्याकाळी सहा वाजता तालुक्याच्या एका शाखेत ‘डे-एंड’, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करणे, अडकतो. कॅश जुळली आहे, व्हाउचरे जुळली आहेत, तरी सिस्टिम पुढे जायला तयार नाही. काउंटरवरच्या मुलीला नोकरी लागून वर्षही झालेले नाही. शाखाधिकारी म्हणतात, ‘ग्रुपवर टाका ना, मॅडम.’ ती मोबाइल हातात घेते, दोन ओळी टाइप करते आणि पुसते. त्या ग्रुपवर जनरल मॅनेजर आहेत, ऑडिटचे साहेब आहेत. ‘एवढेही येत नाही का’ असे कुणी म्हणणार नाही कदाचित, पण मनात म्हणेल. ती शेजारच्या तालुक्यातल्या, आपल्याबरोबर ट्रेनिंगला असलेल्या सहकाऱ्याला वेगळा मेसेज करते: ‘दादा, दोन मिनिटं फोन करू का?’ दादा सांगतो, ‘अगं, लॉकरच्या भाड्याची एक एंट्री कुणीतरी करून ठेवलेली असते, पण ती पास झालेली नसते. ती शोध, पास कर नाहीतर डिलीट कर, मग डे-एंड होतो.’ होतो. सगळे सात वाजता घरी जातात. ग्रुपवर याचा मागमूसही नसतो. पुढच्या महिन्यात तिसऱ्या शाखेत तेच होते, आणि तिथल्या माणसाला ट्रेनिंगमधला दादा नसतो.

या प्रसंगात ज्ञान वाटले गेले नाही असे नाही. ते उत्तम वाटले गेले, प्रेमाने आणि दोन मिनिटांत. फक्त ते खाजगी राहिले, कारण चारचौघांत विचारण्याची किंमत त्या मुलीला परवडणारी नव्हती. तिला ‘लाजू नका, विचारा’ असे परिपत्रक पाठवून उपयोग नाही. त्या ग्रुपवर साहेब आणि शिकाऊ एकाच रांगेत आहेत आणि तिथे फक्त साहेबांचेच चालते, हे तिने बरोबर ओळखले आहे.

मेम्फिस येथील बकमन लॅबोरेटरीज या रसायन कंपनीने हा पेच फार आधी सोडवून दाखवला. तिचे विक्री-तंत्रज्ञ अनेक देशांत पसरलेले होते. १९९२ च्या सुमारास कंपनीचे प्रमुख बॉब बकमन यांनी सगळ्यांना एका ऑनलाइन जाळ्यावर आणले आणि स्वतः तिथे हजर राहू लागले. प्रमुखच प्रश्न वाचतो, कोण उत्तर देते ते पाहतो, हे सगळ्यांना कळले. सिंगापूरमधल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला इंडोनेशियातील एका लगदा-कारखान्यासाठी प्रस्ताव द्यायचा होता. लाकडातली राळ यंत्रांवर चिकटून बसते, ती आवरण्याचे अलीकडचे कोणते उपाय लागू पडले, असे त्याने जाळ्यावर विचारले. काही तासांत मेम्फिसहून पहिले उत्तर आले, मग इतर देशांतून येत राहिली. कंपनीला ते काम मिळाले. या हकीकतीत सहसा उत्तरांचे कौतुक होते. मला कौतुक वाटते ते प्रश्नाचे, कारण तो विचारणारा शिकाऊ नव्हता. वरच्या खुर्चीतल्या माणसाने ‘मला माहीत नाही’ असे सर्वांदेखत लिहिले की खालच्या खुर्चीतल्यांना तेच लिहायला धीर येतो.

विचारण्याची लाज आणि चुकल्याची भीती या सख्ख्या बहिणी. म्हणून गिटलॅब या कंपनीचे उदाहरण इथे सांगायला हवे. या कंपनीला मुख्यालय नाही. माणसे देशोदेशी आपापल्या घरून काम करतात आणि कामाच्या रीतिभाती हजारो पानांच्या एका जाहीर हँडबुकात लिहिलेल्या असतात. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका इंजिनिअरच्या हातून भलत्याच सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. बॅकअपचे एकामागून एक मार्ग कुचकामी निघाले आणि सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने दुरुस्तीच्या नोंदी चालू कामातच सर्वांसाठी खुल्या केल्या आणि यूट्यूबवर थेट प्रक्षेपणही केले. नंतर सविस्तर अहवाल लिहिला. त्यात काय चुकले ते मिनिटामिनिटाने आहे, पण चुकलेल्या माणसाचा उल्लेख ‘टीम-मेंबर-१’ एवढाच आहे. युरेकाच्या टिपेवर नाव होते, गिटलॅबच्या अहवालात नाव झाकलेले आहे, आणि दोन्ही ठिकाणी हेतू एकच आहे. तोडगा सांगणाऱ्याचे नाव ठळक हवे आणि चुकणाऱ्याचे नाव गाळलेले हवे. आपल्या बहुतेक कार्यालयांत नेमके उलटे घडते: तोडगा ‘विभागाने’ काढलेला असतो आणि चूक मात्र नावानिशी परिपत्रकात येते.

इथे कुणी म्हणेल, एवढ्या भानगडीत कशाला पडायचे; सगळ्यांकडून एकदा लिहून घ्यावे आणि साठवून ठेवावे. हा साठ्याचा मोह जुना आहे. ‘नासा’कडे मोहिमांमधून मिळालेले धडे नोंदवणारी एक संगणकीय प्रणाली अनेक वर्षे होती. २०१२ साली नासाच्याच महानिरीक्षक कार्यालयाने तिची तपासणी केली, तेव्हा प्रकल्प-व्यवस्थापक तिच्यात फारसे पाहतही नाहीत आणि भरही घालत नाहीत असे आढळले. हा नासातल्या माणसांचा आळस नव्हे. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लिहिणारा माणूस कुणासाठी लिहायचे हेच जाणत नसतो. म्हणून तो सगळ्यांसाठी लिहितो आणि ते कुणाच्याच कामाचे ठरत नाही. पुण्याच्या आयटी कंपन्यांत राजीनामा दिलेल्या माणसाकडून नोटीस पिरियडमध्ये ‘केटी’, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, घेतात. तासातासाची सेशन होतात, रेकॉर्डिंग होतात, फोल्डरमध्ये जातात. सहा महिन्यांनी प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टिममध्ये काही बिघडले की नवा माणूस ते रेकॉर्डिंग उघडत नाही. तो सोडून गेलेल्यालाच लिंक्डइनवर गाठतो. केटी देणाऱ्याने काही लपवलेले नसते. त्याला कुणी नेमका प्रश्नच विचारलेला नसतो.

याचा अर्थ साठा नको असा नाही. साठा प्रश्नोत्तरांतून वाढला पाहिजे, आणि त्याची निगा राखायला माणूस पाहिजे. तीन वर्षांपूर्वीचे बरोबर उत्तर आज धोक्याचे असू शकते. नियम बदलतात, सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलते. उत्तरावर तारीख हवी, आणि कालबाह्य उत्तर काढून टाकण्याचा अधिकार कुणाला तरी नेमून दिलेला हवा. हे काम रटाळ आहे. पण जिथे ते कुणाच्याच वाट्याला दिलेले नसते, तिथली माहिती वर्षभरात अविश्वासाची होते, आणि दोनदा फसलेला माणूस तिसऱ्यांदा तिथे फिरकत नाही.

लिहिण्याच्या भाषेचा अडसरही थोडका नाही. वायरमन, पंपचालक, आरोग्यसेविका, टर्नर-फिटर या माणसांजवळचे ज्ञान मराठीत आहे, बोलीत आहे, पण ते नोंदवायचा रकाना इंग्रजीत असतो. बिघाड कसा सापडला हे जो माणूस चहाच्या टपरीवर रंगवून सांगतो, तोच ‘रिपोर्ट’ लिहायला बसवला की ‘प्रॉब्लेम सॉल्व्ड’ एवढ्या दोन शब्दांवर थांबतो. त्याला त्याच्या भाषेत, हवे तर आवाजात, हवे तर मोबाइलवरच्या एका मिनिटाच्या व्हिडिओत सांगू द्यावे आणि नीट शब्दांकन दुसऱ्या कुणी करावे. नाव मात्र त्याचेच ठेवावे.

मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर या विषयाची प्रस्तावना जाहिरात होईल. आपल्याकडे ज्ञान राखून ठेवण्याची आणि खुले करण्याची सर्वांत मोठी झटापट संगीतात झाली. घराण्यांतल्या बंदिशी शिष्याखेरीज कुणाला मिळत नसत. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) गावोगाव हिंडले, उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’तून मराठीत छापल्या. ज्यांना कुठल्याच उस्तादाने जवळ केले नसते अशा कित्येकांना त्यामुळे दार उघडले. तरीही केवळ ती पुस्तके वाचून कुणी गवई झाल्याचे ऐकिवात नाही. बंदिशीचा सांगाडा कागदावर येतो, ती मांडायची कशी हे समोर बसूनच येते. कार्यालयीन ज्ञानाचेही असेच दोन भाग पडतात. लॉकरच्या भाड्याची अडकलेली एंट्री कशी शोधायची हे लिहून सांगता येते. कर्ज मागायला आलेल्या माणसाच्या कुठल्या उत्तरावर थबकायचे, हे लिहून येत नाही. त्यासाठी त्या जाणत्या अधिकाऱ्याशेजारी बसावे लागते, निदान व्हिडिओ कॉलवर त्याच्या कामात डोकावावे लागते. ऑनलाइन व्यवस्थेने पहिल्या भागाची जबाबदारी चोख उचलावी आणि दुसऱ्यासाठी योग्य माणसाचे नाव हाती द्यावे. एवढे केले तरी तिने पुष्कळ केले.

आता या सगळ्यात उत्तरे देणाऱ्या यंत्राची भर पडली आहे. प्रोग्रॅमरांच्या जगात २००८ साली सुरू झालेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ने प्रश्नोत्तरांचा प्रचंड ठेवा उभा केला. उत्तर देणाऱ्याचे नाव आणि त्याची पत हा त्याचा पाया. सांगणाऱ्याची कदर तिथे उत्तम झाली, पण विचारणाऱ्याची आबाळ झाली. नवख्यांना तिथे झिडकारल्यासारखे वाटते, हे २०१८ साली त्या कंपनीनेच जाहीरपणे मान्य केले. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. कितीही बाळबोध विचारा, ते हसत नाही, डाफरत नाही. पुढच्या सहा महिन्यांत स्टॅक ओव्हरफ्लोवरचे लिखाण सुमारे २५ टक्क्यांनी घटल्याचे एका अभ्यासाने दाखवले. याचा एक अर्थ असा की लोकांना उत्तराइतकीच अब्रूचीही काळजी होती. काउंटरवरच्या त्या मुलीलाही उद्या असे यंत्र मिळेल आणि ती त्यालाच विचारील. तिच्या दृष्टीने हे बरेच झाले.

संस्थेच्या दृष्टीने मात्र एक धोका आहे. यंत्र शिकते ते माणसांनी कुठेतरी लिहून ठेवलेल्या उत्तरांवर. सगळे प्रश्न यंत्राच्या कानात विचारले जाऊ लागले, तर नवा बिघाड, नवा नियम, दमट हवेत उपजणारे नवे दुखणे यांचे पहिले उत्तर लिहिणार कोण, आणि कशासाठी? त्याच्या उत्तरातून यंत्र बोलेल तेव्हा त्याचे नाव उच्चारले जाणार नाही. विचारणाऱ्याची लाज यंत्राने राखली, पण सांगणाऱ्याचे नाव पुसले. म्हणून आपल्या संस्थेत असे यंत्र आणणाऱ्यांनी दोन अटी घालाव्यात: प्रत्येक उत्तराखाली मूळ टीप आणि ती लिहिणारा दिसला पाहिजे, आणि यंत्राला न आलेला प्रश्न जाणत्या माणसाकडे गेला पाहिजे.

हे पुस्तक हाती घेणारे वाचक नाना प्रकारचे असतील: शाखा सांभाळणारे, प्रकल्प चालवणारे, शिक्षकांचे गट बांधणारे, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते. साधने कोणती निवडावीत, माहितीची मांडणी कशी करावी, गोपनीयता कुठे पाळावी, हे तपशील पुढील प्रकरणांत येतील. ते वाचताना एक कसोटी जवळ ठेवावी: यात विचारणाऱ्याला काय गमवावे लागते आणि सांगणाऱ्याला काय मिळते? जी योजना या दोन प्रश्नांना उत्तर देत नाही, ती कितीही देखणी असली तरी वर्षभरात बंद पडेल.

आणि सुरुवात कुठून करायची असे कुणी विचारले, तर पोर्टलच्या निविदेपासून करू नये. आपल्या हाताखालच्यांचा जो ग्रुप आज आहे, त्यावर प्रमुखाने आपल्याला खरोखर न येणारा एक प्रश्न टाकावा, जो शिकाऊ माणूस त्याचे उत्तर देईल त्याचे नाव घेऊन सर्वांदेखत आभार मानावेत, आणि ते उत्तर त्याच्या नावासह सर्वांना सापडेल अशा जागी ठेवावे. यासाठी कुणाची मंजुरी लागत नाही. लागतो तो थोडा कमीपणा घेण्याची तयारी असलेला साहेब, आणि तो नसेल तर सॉफ्टवेअर विकत घेऊन ती उणीव भरून निघत नाही.